चेन तू ओढायची

इंग्लंडात मेडनहेडमधल्या आमच्या मराठी मंडळींपैकी कुणी भारतात निघालं, की त्याच्या बॅगा वैजयंतीमावशींच्या पुढच्या खोलीत भरल्या जात. असा नियम कुणी केला नव्हता. पण बेसिंगस्टोकहून, रेडिंगहून, एकदा तर इल्फर्डहूनसुद्धा माणसं रिकाम्या बॅगा आणि भरलेल्या पिशव्या घेऊन आलेली मी पाहिली आहेत. मी त्यांच्या घरात वरची खोली भाड्यानं घेऊन राहते. ऑफिसात माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात काय राहून गेलं ते शोधायचं. मावशींना बॅग भरताना पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, ही बाई आमच्या टीममध्ये हवी होती.

मावशी सत्तरीकडे झुकलेल्या, अंगानं बारीक. पंजाबी ड्रेसवर कायम एक करडं कार्डिगन, आणि त्याच्या खिशात बॅगा तोलायचा हुकाचा काटा. सतीशकाका जाऊन काही वर्षं झाली. मुलगी अक्षरा बेसिंगस्टोकला असते. मावशींनी सगळी नोकरी गावातल्या एका केमिस्टच्या काउंटरवर केली. औषधांची पिशवी हातात देण्यापूर्वी आत काय आहे, कशासाठी आहे, ते घेणाऱ्याला एकेक करून सांगायचं, ही सवय तिथली. रिटायर झाल्यावर ती सवय त्यांनी आमच्या बॅगांना लावली.

भारतात जाणाऱ्याच्या बॅगेत निम्मी जागा दुसऱ्यांची असते, हे काही नवीन नाही. कुणाच्या भाच्याचे बूट, कुणाच्या वडिलांचे व्हिटॅमिन, कुणाच्या वहिनीचं पर्फ्यूम. पार्सल टेपनं गच्च गुंडाळलेलं असतं आणि ते उघडून बघणं म्हणजे पाठवणाऱ्यावर अविश्वास दाखवणं. मावशींना हे अजिबात मान्य नव्हतं. त्यांच्या टेबलावर कात्री असायची. कितीही ओळखीच्याचं पार्सल असो, आधी टेप कापायची, वस्तू बाहेर काढायची, जाणाऱ्याच्या हातात द्यायची, मग ती त्याच्याच हातानं बॅगेत ठेवायची.

"चेक-इनला विचारतात ना, बॅग तुम्हीच भरली का म्हणून," त्या म्हणायच्या, "तेव्हा 'हो, मीच भरली' असं मान वर करून म्हणता आलं पाहिजे. खोटं बोलून विमानात चढायचं नाही."

शेवटी बॅग बंद करायची वेळ आली की त्या हात मागे घ्यायच्या. बॅग फुगलेली असली तर तिच्यावर बसायच्या, पण चेनला हात लावायच्या नाहीत. "चेन तू ओढायची," म्हणायच्या. त्याशिवाय चहा मिळायचा नाही.

मावशींचा धाकटा भाऊ जयंत पुण्यात बिबवेवाडीला राहतो. त्याच्याबद्दल मला जे कळलं ते बरंचसं नंतर कळलं, पण इथेच सांगते. जयंतमामा कॉलेजपासून सिगरेट ओढणारे. अँजिओप्लास्टी झाली तरी सुटली नाही. मागच्या उन्हाळ्यात ते बहिणीकडे राहायला आले, तेव्हा मावशी त्यांना धरून आपल्या जुन्या केमिस्टकडे घेऊन गेल्या. तिथे सिगरेट सोडवणाऱ्या सल्लागार बाईंनी त्यांना वेप, म्हणजे बॅटरीवरची ई-सिगरेट, ओढून बघायला सांगितलं. इथे डॉक्टरसुद्धा तसं सांगतात, सिगरेटपेक्षा बरी म्हणून. मामांनी आधी चेष्टा केली, "हे काय, पेन ओढायचं?" पण महिनाभरात त्यांची सिगरेट सुटली. जिना चढताना दम लागायचा तो कमी झाला. परत जाताना ते ती वेप शर्टाच्या खिशात घालून गेले. भारतात तिच्यावर बंदी आहे हे दोघांनाही माहीत होतं. मुंबईला कुणी विचारलं नाही आणि मामा घरी पोचले. मावशींनी त्या दिवशी फोन येईपर्यंत काही खाल्लं नव्हतं.

नोव्हेंबरात मामांची वेप बादलीत पडली आणि बंद झाली. तिथे ती उघडपणे मिळत नाही. लपूनछपून मिळते, पण आत काय भरलेलं असेल कोण जाणे. मामांनी काही दिवस काढले आणि मग फोनवर मावशींना त्यांचा तो जुना खोकला ऐकू आला.

"जयंत, सुरू केलीस?"

"एखादी."

"एखादी म्हणजे?"

"ताई, तू केमिस्टच्या दुकानात नाहीयेस आता. इकडे एक पाठवून दे ना. तुझ्याकडे एवढी माणसं येतात बॅगा घेऊन. बोटाएवढी वस्तू."

"बंदी आहे रे."

"बंदी सगळ्याला आहे. सिगरेट सोडून."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मावशींच्या आई शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांची कूस बदलायला जयंतमामा. वडिलांना डायलिसिसला नेऊन आणायला जयंतमामा. मावशी दर रविवारी फोन करायच्या आणि नीट काळजी घे म्हणून सांगायच्या. दोन्ही वेळा त्या पोचल्या तेव्हा दहावा होऊन गेला होता. मामांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. "एकदा तरी बोलला असता तर बरं झालं असतं," असं मावशी मला म्हणाल्या होत्या. भावानं काही मागितलं आणि त्यांनी नाही म्हटलं, असं त्यामुळे कधी झालेलंच नव्हतं. तसं त्यानं फार मागितलंही नव्हतं.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर स्वयंपाकघरात इस्त्रीचं टेबल मांडलेलं होतं. इस्त्री गरम होती. इस्त्री करायचा एकही कपडा कुठे दिसत नव्हता आणि खोलीत प्लॅस्टिक वितळल्याचा वास होता.

"काय करत होतात मावशी?"

"काही नाही गं, पडद्याची कड."

पडदे जागेवर होते. मी चहा टाकला आणि विसरून गेले.

त्या शनिवारी दुपारी विनय बॅगा भरायला आला. विनय मेडनहेडमधलाच, एका बिझनेस पार्कमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करणारा, सांगलीकडचा, पण आई आता पुण्यात त्याच्या बहिणीकडे. आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून तो रविवारी निघणार होता. परत आल्यावर त्याला इथल्या कायमच्या वास्तव्याचा अर्ज करायचा होता. वर्षानुवर्षं त्यासाठी तो पार्किंगची साधी दंडाची पावतीही येऊ न देता राहिला होता. रस्त्यावर गाडी नसली तरी हिरवा दिवा लागेपर्यंत थांबणारा माणूस. आम्ही त्याला त्यावरून चिडवायचो.

"हे काय आहे?" मावशींनी मोठ्या बॅगेतून एक काळी वस्तू उचलली.

"पॉवर बँक."

"आणि ती खाली जाणाऱ्या बॅगेत? इंजिनिअर आहेस ना रे?"

"विसरलो हो."

"विमानाच्या पोटात बॅटरी पेटली तर कोण बघायला जाणार? वर पेटली तर निदान कुणीतरी पाणी ओतेल. हातातल्या बॅगेत ठेव. कस्तुरी, सांग त्याला."

मी सांगितलं. लिथियमच्या बॅटरीचं तसंच असतं. आतून तापायला लागली की स्वतःच स्वतःला तापवत जाते. केबिनमध्ये धूर दिसतो, खाली सामानात कुणाला दिसत नाही. म्हणून पॉवर बँक, सुटी बॅटरी, वेप, सगळं हातातल्या सामानात. विमानात ते ओढायचं नाही, चार्ज करायचं नाही, पण असायचं तुमच्याजवळ. मी हे सगळं उत्साहानं सांगत होते. मावशी काट्याचा हुक पुसत बसल्या होत्या.

मग इल्फर्डच्या अनुराधाचं पार्सल निघालं. तिनं सासूबाईंसाठी तळपायाला मसाज करायचं यंत्र पाठवलं होतं. मावशींनी टेप कापली, यंत्र उलटंपालटं केलं.

"सुनेनं सासूचे पाय दाबायला मशीन पाठवलं," विनय म्हणाला. "यालाच प्रगती म्हणतात."

"तू लग्न कर, मग तुझी बायको रोबोट पाठवेल. वायरवर चालतं हे. ठेव."

बॅग जवळजवळ भरली तेव्हा मावशी आत जाऊन शॉर्टब्रेड बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. वरचं सेलोफेन जसंच्या तसं.

"हा आमच्या जयंतला. तुझ्या बहिणीकडे येऊन घेऊन जाईल तो."

विनयनं डबा हातात घेतला आणि टेबलावरची कात्री उचलून मावशींकडे बघितलं. तो थट्टा करत होता. "नियम म्हणजे नियम, मावशी. कापू?"

"सीलबंद आहे. उघडलं तर मऊ पडतील."

"अहो, तुमचं काय उघडायचं." त्यानं कात्री खाली ठेवली, डबा स्वेटरच्या घडीत बसवला आणि वर थोपटलं. मावशींनी हात मागे घेतले. त्या रोजचं वाक्य म्हणाल्या नाहीत. विनयच म्हणाला, "चेन मी ओढायची ना?" आणि त्यानं ओढली.

रविवारी सकाळपासून मावशींचं कशात लक्ष नव्हतं. साबुदाणा भिजवून ठेवलेला तसाच राहिला. दुपारी पुण्याहून फोन आला. विनयच्या आईचा. मावशींनी तो स्पीकरवर ठेवला होता, कारण त्या भांडी पुसत होत्या.

"विनयनं सांगितलं, सामान तुम्ही भरलंत म्हणून," त्या म्हणत होत्या. "मला मग काळजी नाही बघा. नाहीतर हा पोरगा कुणाचंही काहीही आणतो. नाही म्हणता येत नाही त्याला. तुमच्यामुळे मी निर्धास्त आहे."

"हो," मावशी म्हणाल्या. "ऑपरेशन चांगलं होईल तुमचं."

फोन ठेवल्यावर त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "कस्तुरी, गाडी काढतेस? हीथ्रोला जायचंय."

गाडीत बसल्यावर त्यांनी आधी विनयला फोन लावला.

"मावशी, पोचलो. बॅगपण देऊन टाकली. आज रांगच नव्हती."

"आत जाऊ नकोस. थांब तिथेच. मी येतेय."

"अहो, कशाला एवढ्या लांब?"

"थांब म्हटलं ना."

त्यांनी फोन बंद केला आणि M4 हायवे लागेपर्यंत मला सगळं सांगितलं. खालच्या थरातली बिस्किटं काढून तिथे वेप ठेवली होती. वर कापूस, वर पुन्हा बिस्किटांचा थर. सेलोफेन इस्त्रीच्या कडेनं चिकटवलं होतं.

"पडदा," मी म्हणाले.

"हो. पडदा."

"ती खाली गेलीय, मावशी. खालच्या सामानात."

"मला सांगू नकोस गं. तुझं लेक्चर ऐकत मी तिथेच बसले होते."

माझ्यातला टेस्टर बोलायला लागला. वेप बंद असेल तर आपोआप पेटण्याची शक्यता फार कमी. मुंबईला प्रत्येक बॅग उघडत नाहीत. बहुतेक वेळा काहीच होत नाही.

"बहुतेक," मावशी म्हणाल्या. "आणि झालं तर तिथे कोण उभा असेल? विनय. त्याला विचारतील, हे काय आहे. तो म्हणेल, बिस्किटं. कायद्यात कैदसुद्धा आहे, माहितीये मला. मी वाचून, समजून मग डबा भरलाय. आणि त्याचा तो अर्ज."

"मग फोनवर सांगून टाका ना. तो काउंटरवर जाऊन सांगेल."

"फोनवर सांगितलं तर त्याला चार लोकांत उभं राहून एकट्यानं ऐकावं लागेल. मी समोर असले तर निदान ओरडायला कुणीतरी असेल."

विनय चेक-इन हॉलच्या टोकाला, सिक्युरिटीकडे जाणाऱ्या दाराजवळ उभा होता. आम्हाला बघून त्याचा चेहरा फुलला. त्यानं वाकून मावशींना नमस्कार केला, मग मला म्हणाला, "एक फोटो काढ गं. आईला पाठवतो. मावशी स्वतः सोडायला आल्यात म्हणून."

मी मावशींकडे बघितलं. त्या कार्डिगनच्या खिशात हात घालून उभ्या होत्या. विनयनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी फोटो काढला. काय करायचं ते मला सुचलं नाही.

"विनय, फोटो पाठवू नकोस," मावशी म्हणाल्या. "त्या डब्यात वेप आहे. बिस्किटांच्या खाली. मी ठेवली."

तो हसला. मग त्याचं हसू उतरत गेलं.

"बॅगेत? गेलेल्या?"

"हो."

"मला त्या बाईंनी विचारलं," तो हळू म्हणाला. "बॅग तुम्हीच भरली का. कुणी काही दिलंय का. बॅटरीची काही वस्तू आहे का. मी सगळं बरोबर सांगितलं. मला वाटलं, बरोबर सांगतोय." त्यानं हातातला बोर्डिंग पास दुमडला, पुन्हा सरळ केला. "तुम्ही मला काल पॉवर बँकेवरून बोललात, मावशी."

"हो."

"त्याच टेबलावर."

"हो रे."

तो ओरडला नाही. मावशी त्यासाठी इतक्या लांब आल्या होत्या आणि तो ओरडलाच नाही. फक्त घड्याळ बघून म्हणाला, "चला मग. वेळ जातोय."

काउंटरवरच्या सुपरवायझर बाई उंच होत्या, केस घट्ट बांधलेले. विनय बोलायला लागला तर मावशी त्याच्या पुढे झाल्या. त्यांचं इंग्रजी काउंटरवर आयुष्य गेलेल्या माणसाचं, साफ आणि नम्र. या मुलाच्या बॅगेत बॅटरीची एक वस्तू आहे, ती त्याला न सांगता मी ठेवली, त्याला माहीत नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी एकदा मावशींकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग त्यांनी फोन उचलला आणि बॅगेच्या पट्टीवरचा नंबर वाचला.

बॅग परत येईपर्यंत आम्ही भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसलो. विनय एक खुर्ची सोडून बसला होता. बॅग आली नाही तर विमान तसंच जाणार होतं, त्याला घेऊन किंवा न घेता. आणि परवा सकाळी त्याच्या आईचं ऑपरेशन होतं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "जयंतमामांना खरंच एवढी गरज आहे का?"

"त्यानं परत सिगरेट सुरू केलीय. हृदयाचं झालेलं आहे त्याचं."

"मग मला विचारायचं होतंत. कदाचित मी हो म्हणालो असतो."

"आणि नाही म्हणाला असतास तर?" मावशी म्हणाल्या. "तर मला जयंतला सांगावं लागलं असतं. म्हणून विचारलं नाही."



बॅग आली. सुपरवायझर बाईंनी ती टेबलावर ठेवून विनयला उघडायला सांगितली, कारण बॅग त्याची होती. त्यानं चेन ओढली. स्वेटर बाजूला केला, डबा काढला, सेलोफेन फाडलं. बिस्किटांचा वरचा थर त्यानं एकेक करून टेबलावर मांडला. खाली कापसात वेप होती, निळी, बोटाएवढी. बाईंनी ती उचलून बघितली. त्या रागावल्या नाहीत. त्यांना असं रोज सापडत असावं. ही खाली नेता येत नाही, वर केबिनमध्ये नेता येते, तुम्ही ती हातातल्या बॅगेत ठेवू शकता, असं म्हणून त्यांनी ती विनयपुढे धरली.

त्यांच्या बाजूनं विषय संपला होता. इथे ती वस्तू कायदेशीर. पुढच्या विमानतळावर नाही, ते त्यांच्या कामात येत नव्हतं. विनयनं वेप हातात घेतली आणि मावशींकडे बघितलं. तो अजून रागात होता, पण ती खिशात टाकायला त्याला एक क्षण लागला नसता. त्याला नाही म्हणता येत नाही, हे त्याची आई बरोबर सांगत होती. मावशींनाही ते आधीपासून माहीत असणार.

"दे इकडे," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला.

"मामा..."

"दे."

त्यानं दिली. बिस्किटं टेबलावरच राहिली. बॅग पुन्हा पट्ट्यावर गेली आणि विनय सिक्युरिटीच्या दारातून आत गेला. जाताना त्यानं मला हात केला. मावशींना "येतो" म्हणाला, पण नमस्कार केला नाही.

परत येताना मावशींनी गाडीतूनच जयंतमामांना फोन केला. तिकडे रात्रीची जेवणं चालली असावीत, मागे ताटांचा आवाज होता.

"येत नाही रे ती. मी परत काढून घेतली."

"म्हणजे तुझ्याच कस्टमनं पकडलं म्हण," मामा हसले. हसता हसता खोकले. "जाऊ दे ताई. तुला त्रास झाला उगाच."

"तसं बोलू नकोस."

"मग कसं बोलू? बरं, शॉर्टब्रेड तरी पाठवलंस का?"

मामांनी थोडं थांबून विचारलं, "जेवलीस का?" आणि त्या नेहमीच्या आवाजात हो म्हणाल्या.

विनय वेळेत पोचला. आईचं ऑपरेशन चांगलं झालं, असा त्याचा ग्रुपवर मेसेज आला. मावशींना वेगळा आला नाही. पुढच्या आठवड्यात बेसिंगस्टोकचं एक जोडपं बॅगा घेऊन आलं तेव्हा मावशींनी दारातच सांगितलं, माझे गुडघे दुखतात, आता जमत नाही. काटा त्यांना देऊन टाकला. लोकांना वाटलं, वय झालं. विनय कुणाला काही बोलला नव्हता आणि मावशींना त्याचाच जास्त त्रास होत होता. अक्षराला त्यांनी सांगितलं. ती फोनवर म्हणाली, "आई, तू मामाचा आई नाही आहे. त्याला पाहिजे तर तो सोडेल. तू जाऊन बघ ना त्याला, पार्सल कशाला?" अक्षराचं मराठी असंच आहे, पण मावशींना त्यातलं नेमकं कळलं. मग त्यांनी मला तिकीट बघायला सांगितलं. जाऊन राहायचं म्हणाल्या, जमेल तितके दिवस.

"मामांना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाला, आता कशाला येतेस, आई-बाबा तर गेले." त्या थांबल्या. "पहिल्यांदाच बोलला."

जानेवारीत त्यांची बॅग भरायची होती. विनय परत आला होता. मावशींनी त्याला फोन करून बोलावलं. तो येईल असं मला वाटलं नव्हतं, पण शनिवारी दुपारी तो आला. बूट काढून पुढच्या खोलीत उभा राहिला. मी चहाचं विचारलं तर नको म्हणाला.

बॅग उघडीच होती. टेबलावर कात्री ठेवली होती.

"सगळं काढून बघ," मावशी म्हणाल्या. "मी हात लावत नाही."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि गुडघ्यावर बसून एकेक वस्तू बाहेर काढायला लागला. साड्या. ब्लड प्रेशरच्या गोळ्या. मामांसाठी लोकरीचा मफलर. निकोटिनच्या गमची पाकिटं. मामांना त्याची चव आवडत नाही, पण ती तिथे चालतात. त्यानं पाकीट फोडून गोळ्या बघितल्या, परत भरल्या. शॉर्टब्रेडचा डबा निघाला तेव्हा त्यानं कात्री घेतली, सेलोफेन कापलं, वरचा थर काढला, खालचा थर काढला, कागद उचलून तळ बघितला. मावशी खुर्चीत बसून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर दुखणं तपासून घेणाऱ्या माणसाचा भाव होता.

सगळं परत आत ठेवायला बराच वेळ गेला. मग विनय बाजूला सरकला.

"चेन तुम्ही ओढा," तो म्हणाला.

मावशी उठल्या, चेनपर्यंत आल्या आणि थांबल्या.

"अजून एकदा बघतोस?"

"बघितलं मी, मावशी. सगळं बघितलं."

"अजून एकदा बघ."

विनयनं बाह्या वर केल्या आणि वरची साडी पुन्हा बाहेर काढली. मला म्हणाला, "कस्तुरी, चहा टाक."